सुयांना घर हवं



जेवणं आटोपून, भांडी पालथी घालून तुम्ही आता रेडिओजवळ बसला असाल. हातात काही काम असेल तर ते चालू ठेवा. आजचा विषय हातातल्या कामाचाच आहे. विणायच्या सुया, क्रोशाची सुई, लोकरीचे गुंडे, कात्री, टेप हे सगळं बाईने ठेवायचं कुठे? विषय ऐकून हसू येईल. आम्हालाही आधी आलं होतं. मग गटाचं नुकसान झालं, आणि हसू थांबलं.

आधी ती गोष्ट सांगतो. आमचा बारा जणींचा गट अकोले तालुक्यात, डोंगराच्या अंगाला आहे. चार महिने पाऊस आणि त्याच्या पाठोपाठ थंडी. दोन वर्षांपूर्वी आम्ही गटाच्या पैशांतून विणायच्या सुयांचे २० जोड, क्रोशाच्या ८ सुया आणि लोकर आणली. त्या हिवाळ्यात टोपरी विणली, मोजे विणले, चार पैसे मिळाले. होळी झाली, ऊन तापलं, लोकर हातात धरवेना. तेव्हा सगळं सामान एका रिकाम्या खताच्या गोणीत भरलं आणि एकीच्या घरी माळ्यावर टाकलं. पावसाळा गेला. दिवाळीनंतर तालुक्याच्या बाजारातल्या एका दुकानदाराने ६० बाळटोपरी आणि तेवढेच मोज्यांचे जोड मागितले. आम्ही गोणी खाली उतरवली.

पत्र्याच्या फटीतून पाणी आत गेलं होतं. खताच्या गोणीला चिकटलेलं खत ओल धरून ठेवतं, त्यामुळे लोखंड आणखीच लवकर गंजतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. लोकरीत उंदरांनी घर केलं होतं, पिल्लांसकट. २० जोडांपैकी नऊच जोड धड निघाले. उरलेल्या सुया गंजलेल्या, नाहीतर एकेकट्या, म्हणजे एक दहा नंबरची, एक बारा नंबरची. एकटी सुई म्हणजे एका पायातली चप्पल. ६० पैकी ३४ टोपरीच वेळेत झाली. राहिलेली ऑर्डर दुकानदाराने दुसरीकडे दिली.

पैशाचं नुकसान झालं ते झालं. त्याहून वाईट झालं मासिक सभेत. ज्या सईच्या माळ्यावर गोणी होती, तिला सगळ्या बोलल्या. ती काही न बोलता उठून गेली आणि पुढच्या दोन सभांना आलीच नाही. गट करायला वर्षं लागतात, मोडायला एक गोणी पुरते.

तिसऱ्या सभेला आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या आजी एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. तरुणपणी दवाखान्यातल्या एका नर्सबाईंकडून त्या दोन सुयांवरचं विणकाम शिकल्या. डबा उघडला तर आत खणाच्या तुकड्यात गुंडाळलेल्या सुया, जोडीने बांधलेल्या, चाळीस वर्षांपूर्वीच्या आणि आजही गुळगुळीत. बाजूला कात्री, बटणं, दाभण आणि तळाला रुमालात बांधलेले थोडे पैसे. आजी म्हणाल्या, "घर सासऱ्याचं होतं, मग नवऱ्याचं झालं, आता लेकाचं आहे. डबा तेवढा माझा. त्याला कुणी हात लावत नाही."

ते वाक्य आमच्या मनात राहिलं. आमच्या बी.ए.च्या पुस्तकांत राजे होते, लढाया होत्या, तह होते. कुठल्या राजाचा खजिना कुठल्या किल्ल्यावर होता, हे आम्ही पाठ केलं. बाईची सुई कुठे असायची, हे कुणी शिकवलं नाही. म्हणून मग आम्हीच शोधायला लागलो. जे सापडलं ते आज सांगतो.

सुई फार जुनी आहे. चाकाहून जुनी, शेतीहूनही जुनी. रशियातल्या सायबेरियात अल्ताई पर्वतात डेनिसोवा नावाची गुहा आहे. तिथे २०१६ मध्ये पक्ष्याच्या हाडाची एक सुई सापडली. साधारण साडेसात सेंटिमीटर लांब, नाकासकट अखंड. ती सुमारे ५० हजार वर्षांपूर्वीची असावी, असं अभ्यासक सांगतात. त्या बर्फात सुई नसेल तर कातड्याचे कपडे शिवता येणार नाहीत, आणि कपडे नसतील तर माणूस जगणार नाही. सुई हरवणं म्हणजे जीवावरचं संकट.

म्हणून बर्फाच्या मुलखातल्या बायकांनी सुईसाठी घर बनवलं. उत्तर ध्रुवाजवळ राहणाऱ्या इन्युइट लोकांच्या बायका हाडाची किंवा हस्तिदंती नळी वापरायच्या. त्या नळीतून चामड्याची एक पट्टी आरपार गेलेली असायची. सुया त्या पट्टीत टोचायच्या आणि पट्टी ओढून नळीच्या आत घ्यायच्या. सुई पाहिजे झाली की पट्टी दुसऱ्या बाजूने ओढायची. झाकण नको, कुलूप नको. सुई पडत नाही, मोडत नाही, लेकराला टोचत नाही. किती साधी आणि पक्की युक्ती!

स्वीडन देशात बिर्का नावाचं जुनं व्यापारी गाव होतं. तिथल्या हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या बायकांच्या थडग्यांत हाडाच्या आणि पितळेसारख्या धातूच्या सुईनळ्या सापडल्या. त्या काळी तिकडच्या बायका छातीवरच्या मोठ्या पिनांना साखळ्या लावायच्या आणि त्यांना किल्ल्या, छोटी सुरी, सुईनळी अडकवायच्या. आपल्याकडे थोरल्या सुनेच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा, तसंच ते. तिथे किल्लीच्या शेजारी सुई होती. मरताना बाईबरोबर तीही मातीत गेली. म्हणजे ती वस्तू तिची होती, हे घरच्यांनाही मान्य होतं.

आता विणकामाकडे येतो. दोन सुयांवर विणायची कला शिवणकामाच्या मानाने बरीच नवी. इजिप्तमध्ये सापडलेले जुने विणलेले मोजे सुमारे नऊशे-हजार वर्षांपूर्वीचे मानतात. ते लोकरीचे नाहीत, सुती आहेत, निळ्या-पांढऱ्या नक्षीचे. तिथून ही कला युरोपात पसरली आणि थंड प्रदेशात गोरगरिबांच्या पोटापाण्याचा धंदा झाली.

इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशायरच्या डोंगरदऱ्यांत अख्खी गावं मोजे विणून जगायची. बायका विणायच्या, पुरुष विणायचे, पोरं विणायची. गुरं राखताना, बाजाराला चालताना, चूल पेटेपर्यंत हात चालूच. डेंट नावाचं गाव तर विणण्याच्या वेगासाठी प्रसिद्ध होतं. रात्री दिव्याचं आणि जळणाचं पैसे वाचावेत म्हणून शेजारपाजारचे लोक एकाच घरी जमायचे, गाणी-गोष्टी करत विणायचे. ऐकून आपल्या रात्रीच्या बैठकीची आठवण आली ना?

मग चालता चालता सुया ठेवायच्या कुठे? त्यासाठी त्यांच्याकडे लाकडाचं एक म्यान असायचं. वीतभर लांब, एका टोकाला भोक. ते उजव्या बाजूला कमरेच्या पट्ट्यात खोचायचं आणि एक सुई त्या भोकात रोवायची. सुईचं वजन म्यान पेलतं, हात मोकळा राहतो, टाके भराभर पडतात. लग्नाचे पोरगे आपल्या हाताने असं म्यान कोरून आवडत्या मुलीला द्यायचे. त्यावर तिच्या नावाची अक्षरं, साल, बदाम अशी नक्षी. संग्रहालयांत आजही ती म्यानं पाहायला मिळतात. तलवारीच्या म्यानाचे पोवाडे झाले, सुईच्या म्यानाचे नाही झाले. पण त्या म्यानाने किती घरं जगवली!

स्कॉटलंडच्याही उत्तरेला समुद्रात शेटलंड नावाची बेटं आहेत. तिथल्या बायका कमरेला चामड्याचा पट्टा बांधायच्या. पट्ट्यावर घोड्याचे केस भरलेली गादी आणि गादीच्या चामड्याला भोकंच भोकं. सुईचं टोक पाहिजे त्या भोकात रोवायचं. पाठीवर टोपली, टोपलीत जळणासाठी दलदलीतली वाळलेली माती, आणि हातात विणकाम. अशा चालणाऱ्या बायकांचे जुने फोटो आहेत. ते पाहून आम्हाला डोक्यावर मोळी आणि कडेवर पोर घेतलेली आपली आईच दिसली.

शेटलंडच्या बायका इतक्या नाजूक शाली विणायच्या की अख्खी शाल अंगठीतून ओढून काढता यायची. त्या शाली लांब लांब विकल्या जायच्या. पण मैत्रिणींनो, खरी गोष्ट पुढे आहे. बाई शाल घेऊन दुकानदाराकडे जायची. तो शाल घ्यायचा आणि पैसे द्यायचा नाही. तो द्यायचा चहा, कापड, नाहीतर त्याच्याच दुकानात चालणारी चिठ्ठी. घरात पीठ नाही आणि हातात चहाची पुडी! मग ती बाई चहा घेऊन दारोदार फिरायची आणि कुणाकडून तरी बदल्यात पीठ मिळवायची. सरकारकडे तक्रारी गेल्या. १८७२ मध्ये चौकशी झाली आणि त्या विणणाऱ्या बायकांनी स्वतः चौकशी अधिकाऱ्यापुढे साक्षी दिल्या. कोणत्या शालीला किती मिळाले, रोख किती मागितले, दुकानदार काय म्हणाला, हे त्यांनी सांगितलं आणि ते छापलं गेलं. पुढे १८८७ च्या कायद्यात घरी विणणाऱ्यांनाही रोख मजुरी मिळावी अशी तरतूद आली. तरी जुनी सवय लगेच मोडली नाही.

इथे आम्ही थांबलो आणि विचार केला. त्या बायकांच्या कमरेला सुयांसाठी जगातला सगळ्यात चांगला पट्टा होता. हत्याराला जागा होती. कमाईला नव्हती. हत्यार कमरेला आणि हिशेब दुसऱ्याच्या वहीत, अशी गत.

आणि कायदा तरी काय म्हणत होता? इंग्लंडमध्ये १८७० पर्यंत लग्न झालेल्या बाईची कमाई कायद्याने नवऱ्याची असायची. तिने रात्र रात्र जागून मोजे विणले तरी त्याचे पैसे त्याचे. लग्नाआधी तिच्याकडे असलेल्या चीजवस्तूही लग्नानंतर बहुतेक त्याच्याच व्हायच्या. म्हणजे तिची पेटी, पेटीतल्या सुया, सगळंच. १८७० च्या कायद्याने बाईच्या कमाईवर बाईचा हक्क आला. स्कॉटलंडमध्ये तो १८७७ मध्ये आला. आपण मानतो की साहेबाच्या देशात बायकांना सगळं आधीपासून होतं. तसं नव्हतं. त्यांनाही मागावं लागलं.

त्याच काळात तिकडे श्रीमंत घरच्या बायकांकडे सुंदर पेट्या असायच्या. शिसवी लाकडाच्या, आत मखमल, सुईला वेगळा कप्पा, अंगुस्तानाला वेगळा, रिळांना वेगळा. विणायच्या सुयांच्या टोकांना घालायला छोट्या टोप्या असायच्या, म्हणजे टाके निसटत नाहीत आणि टोक टोचत नाही. गरिबाकडे पेटी नव्हती, पण युक्ती होती. कापडाची एक लांब पट्टी घ्यायची, तिला खिसे शिवायचे, सामान भरायचं, गुंडाळायचं आणि नाडीने बांधायचं. इंग्रज सैनिकांच्या सामानात शिवणकामाची अशी गुंडाळी असायची. तिला ते काय म्हणायचे माहीत आहे? हाउसवाइफ! म्हणजे घरवाली. तुटलेलं बटण लावायला घरवाली जवळ नाही, म्हणून कापडाच्या गुंडाळीलाच तिचं नाव.

हे वाचून आम्ही हसत हसत आजींना सांगितलं. आजी म्हणाल्या, "अगं, ही तर चंची!" आणि खरंच की. आपली पान-सुपारीची चंची आठवा. खणात खण, सगळं उलगडायचं, परत गुंडाळायचं, दोरी फिरवून कमरेला खोचायचं. सातासमुद्रापलीकडची युक्ती आपल्या आजीच्या कमरेला होतीच.

आपल्याकडे बाकी कुठे काय ठेवायचे, तेही आठवून पाहा. सुई भिंतीवरच्या कॅलेंडरला टोचलेली, दोऱ्याच्या रिळात खुपसलेली, कोनाड्यात करंड्यामागे. दाभण आढ्याच्या वाशात खोवलेलं. दिवेलागणीनंतर सुई दुसऱ्याच्या घरी देऊ नये, असं थोरल्या बायका सांगायच्या. लक्ष्मी जाते म्हणायच्या. आम्हाला वाटतं, त्यात शहाणपण होतं. अंधारात दिलेली सुई पडली तर सापडत नाही, आणि सकाळी पायात जाते. पण एक गोष्ट बघा. पुरुषाच्या विळ्या-कोयत्याला खुंटी होती, पाभरीला आडोसा होता, चाबकालाही खिळा होता. बाईची सुई मात्र जागा मिळेल तिथे. कारण तिच्या कामाला काम म्हणत नव्हते. गोधडी शिवणं म्हणजे दुपारचा विरंगुळा!

हे फक्त जुन्या काळाचं नाही. आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर नावाचं गाव आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात मिशनरी लोकांनी बायकांना क्रोशाच्या लेसचं काम शिकवलं. पुढे ती लेस परदेशात जाऊ लागली. मारिया मीस नावाच्या जर्मन अभ्यासक बाईंनी तिथल्या बायकांवर १९८२ मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यांना दिसलं की या बायका दिवसाचे कित्येक तास लेस विणतात, त्यांच्या मालावर व्यापारी मोठे होतात, पण बायकांना मजुरी अगदी किरकोळ. कारण सगळे म्हणतात, त्या कामगार थोड्याच आहेत, त्या तर घरी बसलेल्या बायका, फावल्या वेळात सुई चालवतात. बायका स्वतःही तसंच म्हणत होत्या. आपण नाही का म्हणत, "मी काही करत नाही, घरीच असते"?

आपल्या महाराष्ट्रात काही शहाण्या माणसांनी हे शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात निराधार बायकांना हाताचे उद्योग शिकवले. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं, तिथे बायका शिक्षणाबरोबर शिवणकाम आणि नर्सिंग शिकल्या. वेळ घालवायला नव्हे, स्वतःच्या पायावर उभं राहायला. आमच्या आजींना विणकाम शिकवणाऱ्या नर्सबाई त्याच वाटेने पुढे आल्या असतील, असं आम्हाला वाटतं.

आणि कमाईला जागा कधी मिळाली? १९९२ मध्ये नाबार्डने बचत गट बँकेला जोडायचा पहिला प्रयोग सुरू केला, तेव्हा ठरवलं होतं ५०० गटांचं. आज गावागावात गट आहेत. गटाचं खातं, बाईच्या सहीचं पासबुक, वही, लोखंडी पेटी. शेटलंडच्या बाईला जे नव्हतं ते आपल्याकडे आहे. आपली वही आपल्या हातात आहे. पण आम्ही काय केलं? पैशाला पेटी केली, कुलूप केलं, तीन किल्ल्या तिघींकडे दिल्या. आणि ज्या सुयांवर ते पैसे मिळाले, त्या खताच्या गोणीत भरल्या. पैसा म्हणजे संपत्ती आणि हत्यार म्हणजे सटरफटर, असं आमच्याच मनात होतं. लोकांना काय नावं ठेवायची!

म्हणून आम्ही ठराव केला. आधी आम्ही चौघी त्या सईच्या घरी गेलो. गोणी बाराही जणींनी मिळून भरली होती, माळा फक्त तिचा होता. चूक सगळ्यांची, असं रजिस्टरमध्ये लिहिलं आणि नुकसान बारा जणींत वाटून घेतलं. ती परत सभेला यायला लागली. एकदम पहिल्यासारखं झालं असं नाही म्हणणार, पण येते.

मग सामानाचं काय केलं ते सांगतो. तुमच्या गटात विणकाम होत असेल तर उपयोगी पडेल.

पहिलं, चंची. आजींनी दाखवलं तशी जुन्या सुती साडीची दुहेरी पट्टी घेतली, सुईच्या लांबीएवढी रुंद. तिला उभे खिसे शिवले, एका खिशात एक जोड. वरून एक पदर ठेवला, म्हणजे गुंडाळताना सुया घसरत नाहीत. सुती कापड घ्या, प्लॅस्टिकची पिशवी नको. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते आणि सुई गंजते. प्रत्येक खिशावर दोऱ्याने नंबर काढला. ज्यांना अंक वाचता येत नाहीत त्यांनी तेवढे टाके घातले.

नंबरावरून आठवलं. आपल्याकडे बाजारात अजून जुने इंग्रजी नंबर चालतात, आणि ते उलटे आहेत. आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर जाड, दहा नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, बारा नंबर म्हणजे पावणेतीन. नंबर मोठा तेवढी सुई बारीक. असं का, हे आम्हालाही कोडं होतं. कारण हे नंबर तारेच्या मापावरून आले. तार भोकातून ओढून ओढून बारीक करतात. जितक्या जास्त वेळा ओढली तितका नंबर मोठा आणि तार बारीक. नव्या सुयांवर मिलिमीटर लिहितात. म्हणून रजिस्टरमध्ये दोन्ही आकडे लिहा. नंबर पुसला गेला असेल तर जाड पुठ्ठ्याला ओळखीच्या सुयांनी भोकं पाडून ठेवा, सुई कुठल्या भोकात नेमकी बसते ते बघा.

दुसरं, गंज. पूर्वी इंग्लंडमधून येणाऱ्या सुया काळ्या कागदात गुंडाळलेल्या असायच्या, गंज धरू नये म्हणून. आपण एवढं करू शकतो की घामाच्या हातातली सुई तशीच ठेवायची नाही, कोरड्या फडक्याने पुसून ठेवायची. थोडा गंज आला तर बारीक पॉलिश पेपरने घासा. तेल लावू नका, लोकरीला डाग पडतात. ॲल्युमिनियमची सुई गंजत नाही, पण काळी पडते, तीही पुसावी. आणि सुयांच्या टोकांना रबराचे किंवा बुचाचे तुकडे लावा, घरात लेकरं असतात.

तिसरं, लोकर. खऱ्या लोकरीला कसर लागते. बाजारात स्वस्तात मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक असते, तिला कसर लागत नाही, पण उंदीर तिलाही सोडत नाही. म्हणून लोकर पत्र्याच्या डब्यात. कडुलिंबाचा पाला सावलीत कडकडीत वाळवून फडक्यात बांधून आत टाका आणि पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा डब्याला ऊन दाखवा. बाळाच्या टोपऱ्यांजवळ डांबराच्या गोळ्या ठेवू नका. तान्ह्या बाळाला त्यांची बाधा होऊ शकते, काही बाळांच्या रक्तावर त्याचा वाईट परिणाम होतो. विणताना गुंडा घरंगळतो, तर तो तांब्यात नाहीतर छोट्या पातेल्यात ठेवा. धूळ लागत नाही, मांजर खेळत नाही.

चौथं, हिशेब. आमच्याकडे आता हत्यारांचं वेगळं रजिस्टर आहे. कोणी किती जोड नेले, कधी आणले. गटाची लोखंडी ट्रंक समाजमंदिरात, जमिनीपासून दोन विटा वर. आणि प्रत्येकीने स्वतःच्या पैशांनी निदान एक जोड घेतला आहे, तो तिच्या चंचीत, तिच्या घरात, तिने ठरवलेल्या जागी. या शेवटच्या ठरावावर बरीच चर्चा झाली. एकजण म्हणाली, "घरात माझी अशी जागाच नाही." खोल्या दोन आणि माणसं सात. मग तिच्या लेकीने दाराच्या वर एक खिळा ठोकून दिला. चंची तिथे असते. नवऱ्याने एकदा त्या खिळ्याला टोपी अडकवली. ती म्हणाली, "हा खिळा कामाचा आहे." टोपी निघाली.

मैत्रिणींनो, या आठवड्यात एक काम करा. तुमचं हत्यार, मग ते सुई असो, खुरपं असो, पापडाचं लाटणं असो, आज घरात कुठे आहे ते बघा. त्याला ठरलेली जागा आहे का, ती जागा कुणाची म्हणून ओळखली जाते, हे पुढच्या सभेत एकमेकींना सांगा. नसेल तर निदान एक खिळा ठोका.

आमच्या दुकानदाराने यंदा परत ४० टोपरी मागितली आहेत. सुया तयार आहेत, जोडीने आहेत. आता निरोप घेतो. हातातली ओळ पूर्ण करा, सुई पुसा, जागेवर ठेवा आणि मगच झोपा.